थंडीतील मालमोटारी आणि मालधन्याचें कर्तव्य

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे शेतकऱ्याच्या मालाला पाय फुटतात. नाशिक-निफाडकडील लाल कांदा, रावेर-सावद्याचीं केळीं आणि पुढें द्राक्षें असा सर्व माल मालमोटारींत चढून उत्तरेच्या वाटेला लागतो. त्याच दिवसांत कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत उसाच्या गाड्या रात्रंदिवस कारखान्यांकडे चालू असतात. कष्टाचे पैसे होण्याचा हा काळ. पण रस्त्यावर चाक धरणाऱ्या माणसाला हाच काळ मोठ्या धोक्याचा असतो. लांब रात्र, बोचरी थंडी, दंवानें ओला झालेला रस्ता आणि पहाटेचें धुकें, हीं चारहि एकदम त्याच्यापुढें उभीं राहतात.

"हा विषय मोटारवाल्यांचा, शेतकी मासिकांत त्याचें काय काम?" असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें कीं, भरलेली मोटार हिवाळ्यांत सुखरूप पोंचणार कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं ती आपल्या खळ्यांतून निघण्यापूर्वींच ठरलेलें असतें. माल किती भरावयाचा, केव्हां निघावयाचें, केव्हां पोंचावयाचें आणि गाडीच्या पाठीमागें दिवा असावा कीं नसावा, या चार गोष्टी बहुधा चालक ठरवीत नाहीं. त्या मालाचा धनी, अडत्या आणि हुंडेकरी मिळून ठरवितात. चालकाच्या हातीं उरतें तें केवळ चाक. अपघात झाला म्हणजे मात्र पंचनाम्यांत त्या एकट्याचेंच नांव येतें. ही वांटणी न्यायाची नाहीं, आणि शहाणपणाची तर नाहींच नाहीं.

प्रथम धुक्याचा विचार करूं. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें सोडते, तिच्या लगतची हवा गार होते, आणि त्या हवेंत पुरेशी ओल असली म्हणजे तिचे सूक्ष्म जलकण होऊन धुकें बनतें. गंगा-यमुनेच्या सपाट मुलुखांत डिसेंबर-जानेवारींत एखादा पाऊस पडून आकाश मोकळें झालें कीं, भिजलेली जमीन, पाणी दिलेलीं गव्हाचीं शेतें आणि पडलेला वारा या तिहींचा मेळ बसतो व कोसच्या कोस धुकें पसरतें. आपल्याकडे तें इतकें विस्तीर्ण नसतें. परंतु गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या कांठच्या पाटपाण्याच्या पट्ट्यांत, ओढ्यावरील पुलांवर आणि घाटाच्या तोंडाशीं तें अकस्मात् आडवें येतें, आणि अकस्मात् येतें म्हणूनच अधिक फसवितें. हवामान खात्याच्या परिभाषेंत २०० मीटरांपलीकडचें दिसेनासें झालें म्हणजे दाट धुकें, आणि ५० मीटरांपलीकडचें दिसेनासें झालें म्हणजे अति दाट धुकें होय.

आतां हे ५० मीटर म्हणजे मोटारीच्या हिशेबानें किती, हें वाचकांनीं स्वतःच मांडून पाहावें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. पुढें कांहीं उभें आहे हें डोळ्यांनीं टिपून, पाय ब्रेकवर पडून, ब्रेक प्रत्यक्ष लागूं लागेपर्यंत दोन सेकंद धरले, तर तेवढ्यांतच सुमारें ३३ मीटर संपले. त्यानंतर भरलेली मोटार ओलसर रस्त्यावर थांबावयास आणखी ३५ मीटर तरी घेते. बेरीज झाली ६८. आणि दिसत होते फक्त ५०. उरलेल्या १८ मीटरांत जें कांहीं असेल, बंद पडलेली गाडी असो कीं सायकलवरचा गडी असो, त्यावर मोटार जाणारच. चालक कितीहि कुशल असला तरी त्याच्या हातीं कांहीं राहिलेलें नसतें. हाच वेग ३० वर आणला तर पहिलें अंतर १७ मीटर, दुसरें सुमारें ९, मिळून २६. म्हणजे दृष्टीच्या आंत मोटार थांबून वर २४ मीटर शिल्लक राहतात. वेग निम्मा केला कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर निम्मे न होतां चौथाईवर येतें, हा निसर्गाचाच नियम आहे. दिल्ली-आग्रा यांमधील यमुना द्रुतगति मार्गावर २०२४ च्या हिवाळ्यांत जड वाहनांची वेगमर्यादा ताशीं ८० वरून ६० किलोमीटरांवर उतरविण्यांत आली होती, ती याचसाठीं. आणि अति दाट धुक्यांत हे ६० देखील फार होतात, हें वरील हिशेबावरून उघड आहे.

यापुढची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. धुकें सर्वांत दाट असतें तें पहाटे व सूर्योदयाच्या सुमारास. मनुष्याच्या शरीराला झोप अनावर होते ती रात्रीं दोन ते सहाच्या दरम्यान. कितीहि चहा घेतला तरी हा देहधर्म चुकत नाहीं. आणि आपल्या मंडयांतील लिलांवाची वेळ कोणती? सकाळची. म्हणजे ज्या तासांत डोळ्यांना दिसत नाहीं व डोळे उघडे राहत नाहींत, नेमक्या त्याच तासांत मोटार सर्वांत जोरानें हांकावी, अशी व्यवस्था आपण सर्वांनीं मिळून करून ठेविली आहे. ही व्यवस्था कोणा एका दुष्ट माणसानें केलेली नाहीं. ती संवयीनें झाली आहे. पण संवयीनें झालेली गोष्ट संवय बदलून मोडतांहि येते.

नाशिकहून दिल्लीच्या आझादपूर मंडईपर्यंतची वाट धुळें, बिजासन घाट, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा अशी सुमारें साडेबाराशें किलोमीटरांची. सरासरी ताशीं ४५ किलोमीटर पडले असें मानलें तरी नुसतें हांकण्याचेच जवळजवळ २८ तास होतात. मोटार वाहतूक कामगारांविषयींच्या १९६१ च्या कायद्यानें दिवसाचे कामाचे तास आठ ठरविले होते आणि पांच तास सलग काम झाल्यावर निदान अर्धा तास विसांवा सांगितला होता. लांबच्या वाटेसाठीं त्यांत असलेली सवलत जमेस धरून दहा तास मानले, तरी एकट्या चालकास या वाटेला तीन दिवस लागतात. असें असतां "आज दुपारीं भरला, परवां पहाटे पोंचता केला पाहिजे" असा करार जेव्हां एका चालकाशीं होतो, तेव्हां त्या करारांत दोन रात्रींची झोप आपण विकत घेतलेली असते. तिची किंमत बिल्टीवर लिहिलेली नसते, एवढेंच.

यावर शेतकरी बंधूंचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. "माल नाशवंत; अर्धा दिवस उशीर झाला तर भाव उतरतो; आमचें वर्ष त्यावर अवलंबून." हें म्हणणें खोटें नाहीं, आणि भाव पडल्याचें दुःख ज्यानें सोसलें नाहीं त्यानें तें हलकें लेखूं नये. परंतु हा धाक उन्हाळ्याचा आहे. तो आपण जसाच्या तसा हिवाळ्यांत वागवितों. थंडींत कांदा अर्ध्या दिवसानें नासत नाहीं. त्यास धुक्याचें पाणी लागूं नये म्हणून वरून ताडपत्री पाहिजे आणि कोंडमारा होऊं नये म्हणून बाजूंनीं हवा पाहिजे, इतकें केलें म्हणजे झालें. द्राक्षांस तर थंडी मानवतेच. केळ्यांची गोष्ट निराळी. पण तेथेंहि उपाय वेगाचा नव्हे. केळें १३ अंशांखालच्या थंडींत राहिलें तर त्याची साल काळवंडते व तें नीट पिकत नाहीं. उत्तरेकडील हिवाळी रात्रींत पारा याच्या पुष्कळ खालीं उतरतो. तेथें मोटारीच्या तळाला व बाजूंना भाताचा पेंढा किंवा केळीचीं सुकीं पानें जाड थरानें घालावीं आणि ताडपत्री चोहोंकडून घट्ट आंवळावी. उघड्या मोटारीचा वेग वाढविला तर झोंबणारा गार वारा उलट फळाला अधिकच लागतो. तात्पर्य, थंडींत माल वांचवावयाचा तो भरतांना वांचवावा. हांकतांना वांचवूं जाल तर माल आणि माणूस दोन्ही गमावण्याची वेळ येते.

दुसरी गोष्ट भाराची. दोन आंसांच्या मालमोटारीचें एकूण वजन किती असावें याची मर्यादा केंद्र सरकारनें २०१८ सालीं १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत वाढविली, तेव्हां "आतां तरी जादा भार बंद होईल" अशी पुष्कळांची आशा होती. पण मर्यादा वाढली कीं तिच्यावरहि चार पोतीं चढतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जादा भाराची मोटार ब्रेक लावल्यावर अधिक दूर जाऊन थांबते, वळणावर कलते, आणि बिजासनासारख्या घाटांत उतारावर तिचे ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून उतारावर मोटार खालच्या गिअरमध्यें, इंजिनाच्या आवरावर उतरवावी, सतत ब्रेकवर पाय ठेवूं नये, असें जाणते चालक सांगतात. परंतु घाईंत असलेला चालक इंधन व वेळ वांचविण्याच्या मोहानें हेंच विसरतो. आणि ती घाई कोठून आली हें वर सांगितलेंच आहे. येथें कायद्याची शब्दयोजना वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमांत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा भारास वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. आणि तो केवळ चालविणाऱ्यास नव्हे, तर चालवावयास लावणाऱ्यास व चालवूं देणाऱ्यासहि सांगितला आहे. कायदा करणारांस जें दिसलें तें आपल्यास दिसूं नये, हें बरें नव्हे.

तिसरी गोष्ट, मोटार खळ्यांत उभी असतांना पाहावयाची तपासणी. ही पाहण्यास यंत्रशास्त्राचें ज्ञान लागत नाहीं. बैल जुंपण्यापूर्वीं त्याचा खूर पाहणारा मनुष्य हें सहज पाहूं शकेल. दुपारच्या ३० अंशांच्या उन्हांत भरलेली टायरची हवा पहाटेच्या ८ अंशांच्या गारठ्यांत आपोआप उतरते. शंभर पौंडांमागें सुमारें आठ पौंड कमी होतात. म्हणून हवेचें माप निघण्यापूर्वीं, चाकें गार असतांना घेतलें पाहिजे. हवेवर चालणाऱ्या ब्रेकांच्या टाकींत थंडींत पाणी सांचतें. तें रोज काढून टाकावें लागतें. पुढच्या कांचेचा पुसा झिजलेला नसावा. मागचे तांबडे दिवे चालू असावेत आणि त्यांवर चिखल किंवा ताडपत्रीचें टोंक आलेलें नसावें. धुक्यांत समोरचा दिवा खालच्या झोतावर ठेवावा लागतो. वरचा झोत लावला तर तो धुक्याच्या कणांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पुढच्या मोटारीच्या तांबड्या दिव्याच्या मागें मागें चिकटून जाण्याची जी रीत उत्तरेकडे पडली आहे ती तर आंधळ्यानें आंधळ्याचा हात धरण्यासारखी आहे. पहिला पडला कीं सारी रांग पडते. धुकें फारच दाट झालें तर मोटार रस्त्यावर उभी न करतां रस्त्याबाहेर, ढाब्याच्या किंवा पेट्रोलपंपाच्या आवारांत न्यावी आणि ऊन येईपर्यंत थांबावें. थांबण्याची मुभा मात्र त्याला मालधन्यानें दिलेली असली पाहिजे.

आपल्याकडील कांहीं माल याहून पुढें, जम्मू-काश्मिराकडेहि जातो, आणि वाशीच्या बाजारांत येणारें काश्मिरी सफरचंद त्याच वाटेनें उतरतें. काझीगुंड-बनिहाल हा सुमारें साडेआठ किलोमीटरांचा बोगदा २०२१ सालीं वाहतुकीस खुला झाल्यापासून बर्फाची उंच वाट बरीच टळली. तरी तो प्रदेश हिवाळ्यांत सोपा नाहीं. सांवलींतल्या वळणावर व पुलांवर पाण्याचा पातळ थर गोठून बसतो. तो डांबरासारखाच काळा दिसतो, आणि त्यावर मोटार थांबावयास कोरड्या रस्त्याच्या कित्येक पट अंतर लागतें. तेथें एकाएकीं ब्रेक दाबणें म्हणजे मोटार आडवी करणें होय. साधें डिझेल तीव्र थंडींत मेणासारखें घट्ट होऊन नळींत अडकतें. म्हणूनच २०१९ सालीं लडाखसाठीं उणें ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें हिवाळी डिझेल निघालें. सपाटीवरच्या चालकाला एका भाड्यापोटीं, साखळ्यांवांचून व माहितीवांचून अशा वाटेला लोटूं नये. तेथें जाणारी मोटार व माणूस तेथलींच पाहावीं. जम्मूस माल उतरवून दुसऱ्या मोटारींत चढविण्याचा खर्च पडला तरी तो पत्करावा.

येथवर दूरच्या वाटेचें झालें. आतां घरच्या वाटेकडे वळूं, कारण या बाबतींत आपला हात अधिक थेट आहे. ऊसाच्या हंगामांत सायंकाळनंतर कोणत्याहि कारखान्याच्या रस्त्यानें गेल्यास काय दिसतें? ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनीं हात-दोन हात बाहेर आलेला ऊस, आणि मागें ना दिवा ना पट्टी. दिवा असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनीं झांकलेला. मधूनच उसाची बैलगाडी, तिचा गाडीवान गारठ्यानें घोंगडींत गुरफटलेला. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकास हें सर्व दिसतें तें शेवटच्या क्षणीं. धुकें असेल तर दिसतहि नाहीं. ट्रॉली पंक्चर झाली कीं ती रस्त्याच्या मध्यावरच सोडून, मागें दोन धोंडे ठेवून माणसें निघून जातात, आणि पहाटे त्या धोंड्यांवर कोणाची तरी दुचाकी आदळते. हे वाहन दिल्लीच्या अडत्याचें नसतें; आपलें किंवा आपल्या शेजाऱ्याचें असतें. ऊस तुटल्यावर वाळतो व वजन घटतें हें खरें. पण थंडीच्या दिवसांत ही घट सावकाश होते, आणि मध्यरात्रीं धांवत नेलेली ट्रॉली पुष्कळदां कारखान्याच्या तळावर सकाळपर्यंत रांगेंत उभीच असते. मग ती घाई कोणासाठीं?

उजेड परतविणाऱ्या तांबड्या पट्टीस ट्रॉलीच्या टायरच्या मानानें कांहींच खर्च येत नाहीं. ऊसाची शेवटची मोळी बांधल्यावर बाहेर आलेलीं टोकें कोयत्यानें छाटण्यास दहा मिनिटें पुरतात. बैलगाडीच्या मागच्या आंसाखालीं एक दिवा व जुवाला पट्टीचा तुकडा लावला तर बैलहि वांचतील. बाहेर डोकावणाऱ्या भारास त्याच १९४ व्या कलमांत वेगळा वीस हजारांचा दंड आहे. पण दंडाच्या भीतीनेंच हें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या रस्त्यानें आपलींच मुलें सकाळीं शाळेला जातात, हें कारण पुरेसें आहे.

२०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, असें सरकारी अहवालांत नमूद आहे. हे सर्व मृत्यु धुक्यानें किंवा मालमोटारींनीं झाले नाहींत. पण यांतील जेवढे आपल्या मालाच्या चाकाखालीं व आपल्या ट्रॉलीच्या मागें झाले, तेवढ्यांचें उत्तर आपण द्यावें लागेल. "रस्ते करणें व नियम पाळविणें हें सरकारचें काम" असें म्हणून सुटतां येत नाहीं. सरकार रस्ता रुंद करील, चौकी बसवील. पण खळ्यांत उभें राहून बिल्टीवर काय लिहावयाचें हें सरकार सांगावयास येणार नाहीं. तसेंच "चालक बेफिकीर असतात" हें म्हणणेंहि अर्धेंच खरें आहे. बेफिकीर चालकास आपण वेळेवर पोंचल्याबद्दल बक्षिशी देतों आणि धुक्यांत थांबलेल्या सावध चालकाचें भाडें कापतों. मग कोणत्या जातीचे चालक वाढावे अशी आपली अपेक्षा आहे?

म्हणून आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या सोसायट्यांनीं व बागायतदारांच्या संघांनीं या हंगामासाठीं थोडे ठराव करून ते हुंडेकऱ्यांस व अडत्यांस कळवावे. डिसेंबर-जानेवारींत उत्तरेकडे जाणाऱ्या मालाच्या बिल्टीवर पोंचण्याचा तास लिहूं नये, दिवस लिहावा, व त्यावर अर्ध्या दिवसाची सूट द्यावी. धुक्यामुळें झालेल्या उशिरास भाड्यांतून एक पैसाहि कापूं नये. पांचशें किलोमीटरांपलीकडच्या वाटेस दोन चालक असल्यावांचून माल भरूं नये. दुसऱ्या चालकाचा खर्च समजा ३,२०० रुपये पडला आणि मोटारींत १६ टन माल असला, तर किलोमागें तो २० पैसे पडतो. लिलांवांत याहून मोठा फरक प्रतवारींतच पडत असतो. भरल्यावर वजनाची चिठ्ठी घेतल्यावांचून मोटार हलवूं नये. आणि सोसायटीनें खतांच्या पोत्यांबरोबर तांबड्या पट्ट्यांचीं भेंडोळींहि एकत्र खरेदी करून, पहिली मोळी चढण्यापूर्वीं प्रत्येक ट्रॉलीस व गाडीस त्या लावून घ्याव्या.

यांत एकहि गोष्ट अशक्य नाहीं, आणि एकाहि गोष्टीस सरकारच्या परवानगीची गरज नाहीं. एकट्यानें केली तर मात्र ती टिकणार नाहीं. एकानें तास लिहिला नाहीं आणि शेजाऱ्यानें लिहिला, तर अडत्या शेजाऱ्याचीच मोटार आधीं मागेल. सर्वांनीं मिळून केली तर मंडई आपोआप तिच्याशीं जमवून घेईल. कारण माल आपल्यापाशीं आहे. शेतकऱ्याच्या एकीचा उपयोग भाव मिळविण्यासाठीं करावा हें आपण नेहमीं म्हणतों व तें योग्यच आहे. तिचा उपयोग आपला माल वाहणाऱ्या माणसाला सुखरूप घरीं पोंचविण्यासाठींहि व्हावा. हंगाम सुरू झाला आहे. तेव्हां सोसायटीच्या पुढच्या सभेंतच हा विषय घ्यावा, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.